एकाच खोलीत दोन बैठका

गुरुवार, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. पुंडलिकनगरातली औताड्यांची पिठाची गिरणी सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती आणि तेवढ्यात मंजुषाबाईंच्या हातून दुसरी चूक झाली. ज्वारीचा डबा दळून झाला की चक्कीत उरलेलं पीठ आधी काढून टाकायचं असतं. ते न काढता त्यांनी थेट दुसऱ्या गिऱ्हाइकाचा गहू वर ओतला. पहिलं घमेलंभर पीठ करडं आलं. गव्हाचं पीठ करडं आलेलं कोणत्याही बाईला लांबून कळतं.

"काय गं मंजुषा, लक्ष कुठंय?" डबेवाली बाई ओरडली. "लेकीच्या यादीत आत्तापासूनच नावं लिहायलीस का?"

"तेच चाललंय," मंजुषाबाई म्हणाल्या. पट्ट्याच्या आवाजात ते बाईला ऐकू गेलं नाही. गिरणीत तसंही कुणाला काही ऐकू जात नाही. गेली बावीस वर्षं इथलं निम्मं बोलणं हातांनीच होतं. चिमूट चोळली की पोळीचं बारीक, मूठ उघडून हलवली की भाकरीचं, तळहातावर तळहात घासला की लाडवाची भरड. दोन बोटं दाखवली की दोन तासांनी या. गल्लीतल्या यच्चयावत बायकांना हे येतं आणि त्याला कुणी भाषा म्हणत नाही.

मंजुषाबाईंनी खराब पीठ बाजूला काढलं, घरातला गहू भरून दिला आणि पुन्हा उजव्या हाताची बोटं मांडीवर हलवत उभ्या राहिल्या. तीन दिवसांवर, रविवारी, दौलताबादला त्यांच्या मुलीच्या लग्नाची यादी होती. यादी म्हणजे दोन्ही घरची लेखी बैठक. मांडव कुणाचा, जेवण कुणाकडं, मानाचं कुणी काय करायचं हे कागदावर उतरवतात आणि खाली दोन्हीकडची जाणती माणसं सह्या करतात. सह्या होईपर्यंत मागं फिरता येतं. झाल्यावर फिरलं की दोन गावांत तोंड दाखवता येत नाही.

या यादीतली एक गोष्ट कागदावर येणार नव्हती, कारण ती तोंडीच ठरली होती. मुलगी नोकरी सोडणार. तसा शब्द मंजुषाबाईंनी स्वतः दिला होता. तो शब्द मुलीला ठाऊक नाही, आणि मुलीने त्याच दिवशी नेमकं उलटं ठरवलं होतं, हे दोन्ही घरांत फक्त त्यांना एकट्यांना माहीत होतं. तेही गेल्या रविवारपासून.

*

मुलगी श्रेया, वय चोवीस, जन्मापासून ऐकू येत नाही. वाळूजच्या एका कारखान्यात रबरी सील तपासण्याच्या टेबलावर ती तीन वर्षं काम करते. दिवाळीनंतर कायम झाली. मुलगा प्रणय, वय सत्तावीस, त्यालाही ऐकू येत नाही. दौलताबादचा. औरंगपुऱ्यात एका दुकानात मोबाईल दुरुस्त करतो. त्याचे वडील तात्यासाहेब यांची किल्ल्याच्या पायथ्याशी पेरूची बाग आहे.

पाहण्याचा कार्यक्रम नोव्हेंबरात झाला. औताड्यांच्या बैठकीच्या खोलीत सोफ्यावर आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सात मोठी माणसं बसली होती. पोहे झाले, चहा झाला. तात्यासाहेबच म्हणाले, "त्या दोघांना बोलू द्या की. आमचा बी तसाच, तुमची बी तशीच. त्यांचं त्यांना कळतं."

दोघं खिडकीपाशी जाऊन बसली. आणि हात सुरू झाले.

मंजुषाबाई चहाचे कप गोळा करता करता थांबल्या. लेकीचे हात असे चालताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. घरात त्या हातांना दहाबारा कामं होती. जेवायला ये, पाणी, दिवा बंद कर, नको, पोट दुखतंय. इथं ते थांबत नव्हते. श्रेया मधेच भुवया ताणत होती, गाल फुगवत होती, हवेत काहीतरी मांडून पुसून टाकत होती, आणि समोरचा मुलगा हसून मान हलवत होता.

"आमच्याकडं चार माणसं कामाला हायती," इकडे तात्यासाहेब सांगत होते. "प्रणयबी आता बागंतच येनार. सुनेनं कंपनीत जायची गरज नाय. सोडंल ना नोकरी पोरगी?"

"सोडेल की," मंजुषाबाई म्हणाल्या. "तिचं काय, मी सांगेन ते ऐकते."

उत्तर देताना त्यांना काही वेगळं केल्यासारखं वाटलं नाही. डॉक्टरांपुढे, शाळेत, कापडाच्या दुकानात, बँकेत, श्रेयाच्या वतीने त्याच उत्तर देत आल्या होत्या. विचारणाऱ्याची नजरही नेहमी त्यांच्याकडेच वळायची.

तात्यासाहेबांना उत्तर आवडलं. त्यांच्या पत्नी कडूबाईंनी श्रेयाच्या ओटीत पेरू घातले. खिडकीतल्या दोघांनीही हसून माना डोलावल्या. सोमनाथ औताडे, म्हणजे श्रेयाचे वडील, शाळेच्या बसवर चालक आहेत, फारसं बोलत नाहीत. ते म्हणाले, "जमलं म्हणायचं." सगळ्यांना तसंच वाटलं. खोलीतल्या दोन्ही बैठका एकाच वेळी, आनंदात उठल्या.

पाहुणे गेले आणि मंजुषाबाईंना चैन पडेना. लेक तासभर बोलली. काय बोलली? भाजी निवडताना, दळण तोलताना हाच प्रश्न. शेवटी त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"चांगलंच बोलली असेल," सोमनाथ म्हणाले. "हसत होती ना?"

"हसत होती म्हणूनच विचारतेय. आपल्याशी कधी हसली एवढी?"

सोमनाथांनी वर्तमानपत्र उलटलं.

*

औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. तिथे मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी साडेपाच ते सात खुणांच्या भाषेचा वर्ग भरतो. शिकवणारे सुदर्शन सर स्वतः बहिरे आहेत. चप्पल बाहेर आणि आवाजही बाहेर, हा नियम. आत बोलायचं ते हातांनी, अगदीच अडलं तर फळ्यावर लिहायचं. संध्याकाळचं दळण हातचं सोडून मंजुषाबाई पाच वाजता शटर ओढायला लागल्या तेव्हा गल्लीने नावं ठेवली. ती त्यांनी ठेवू दिली.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली. 'का शिकायचं?' आणि खडू पुढे केला.

इंद्रजीत नावाच्या बँकेतल्या कारकुनाने लिहिलं की काउंटरवर एक बहिरा ग्राहक येतो, दर वेळी मागच्या कुणालातरी पुढे करून बोलायला लावतो, आपल्याला ते बघवत नाही. एका परिचारिकेने लिहिलं, 'पेशंटला कुठे दुखतं ते सांगता येईना.' कॉलेजातल्या एका मुलीला दुभाषाची परीक्षा द्यायची होती, तिला हे काम म्हणून करायचं होतं. एक निवृत्त गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. त्यांनी लिहिलं, 'माझे कान चालले. भांडण बंद पडायला नको.' त्यांच्या पत्नीने खडू हिसकावून खाली लिहिलं, 'ते आधीही ऐकत नव्हते.'

मंजुषाबाईंनी लिहिलं, 'मुलगी'. पुढे काय लिहावं ते सुचलं नाही.

सरांनी त्याखाली लिहिलं, 'वय?'

त्यांनी लिहिलं, '२४'.

सरांनी तो आकडा जरा वेळ पाहिला आणि फळा पुसला.

घरी श्रेयाला हे कळलं तेव्हा तिने काहीच केलं नाही. आठ दिवसांत सुटेल असं तिला वाटलं असावं. तिसऱ्या आठवड्यात मंजुषाबाई ओट्यापाशी सराव करत असताना तिने येऊन त्यांचा अंगठा धरला, थोडा आत वळवला आणि डबा घेऊन कामाला गेली.

शिकणं सोपं जात नव्हतं. बोटं वळायची, चेहरा हलायचा नाही. या भाषेत निम्मं बोलणं चेहऱ्यावर असतं. सर मंजुषाबाईंकडे बघून हाताने चेहऱ्यावरून शटर खाली ओढल्याची नक्कल करायचे आणि वर्ग हसायचा. त्याही हसायच्या. रिक्षात बसल्या की मात्र हसू जायचं, कारण हे शटर कधी ओढलं ते त्यांना आठवत होतं.

श्रेया तीन वर्षांची असताना बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की घरात हातवारे पूर्ण बंद करा, नाहीतर मुलगी बोलायला शिकणार नाही. तेव्हा सगळीकडे तसंच सांगत. मंजुषाबाईंनी ते अक्षरशः पाळलं. पोरीने हात उचलले की त्या ते दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवायच्या. 'पाणी' हा शब्द ओठांवर आल्याशिवाय पाण्याचा पेला द्यायचा नाही, असं दीड वर्ष चाललं. श्रेया आजही 'पाणी' स्पष्ट म्हणते. बाकीचे शब्द आले नाहीत. खुणा ती पुढे मूकबधिर शाळेच्या मैदानावर मुलांकडून शिकली आणि घराच्या दारात आली की हात खाली सोडायला शिकली.

*

गेल्या रविवारी संध्याकाळी मंजुषाबाई भाकरी थापत होत्या. श्रेयाने मसाल्याच्या डब्याला फोन टेकवला होता आणि प्रणयशी तिचं बोलणं चाललं होतं. दोन महिन्यांपूर्वी मंजुषाबाईंना नुसते हात हलताना दिसले असते. आता मधूनमधून शब्द दिसले. घर. दोघं. जवळ. मग पुन्हा घर. कंपनी. पाच-पंचवीस खुणांतली एखादी कळायची आणि पुढच्या निसटून जायच्या.

तव्यावरची भाकरी करपली. त्यांनी गॅस बंद केला, पिठाचे हात तसेच वर केले आणि विचारलं. घर, कोणतं?

श्रेया आधी आईच्या हातांकडे आणि मग चेहऱ्याकडे बघत राहिली. फोनवर प्रणयला काहीतरी सांगून तिने फोन पालथा ठेवला. मग अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. वाळूजला. भाड्याची खोली. मी आणि प्रणय. कंपनी जवळ. तो तिकडेच दुकान बघतोय.

कधी ठरलं?

त्याच दिवशी. खिडकीत.

तात्यासाहेबांना माहीत आहे?

श्रेयाने खांदे उडवले. तुम्ही सगळे तासभर बोलत होतात, तिने सांगितलं. आम्हाला वाटलं, तेच बोलताय.

आपण त्या दिवशी काय बोललो ते मंजुषाबाईंनी तेव्हा सांगितलं नाही. 'नोकरी' ही खूण पाचव्या आठवड्यात शिकवून झाली होती, 'सोडणं' त्याच्याही आधी. दोन्ही पक्क्या येत होत्या. हात वर गेले नाहीत. त्यानंतरचे चार दिवस त्या दळणं चुकवत होत्या, रिक्षाला चुकीचा पत्ता सांगत होत्या, आणि मंगळवारी वर्गात सरांनी काय शिकवलं ते त्यांना विचारूनही सांगता आलं नसतं.

गुरुवारी, करड्या पिठाच्या दिवशी, वर्ग करून घरी आल्यावर मात्र त्या श्रेयासमोर खुर्ची ओढून बसल्या.

मी, त्या दिवशी, बोलले. तू नोकरी सोडशील.

श्रेयाने पुन्हा सांगायला सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगितलं.

मला विचारलं?

नाही.

का?

येत नव्हतं.

श्रेया उठली. खोलीच्या दाराशी गेली, परत आली, पुन्हा गेली. मंजुषाबाईंना वाटलं आता ती बाहेर निघून जाईल. ती परत येऊन बसली आणि तिचे हात जोरात चालले, पण तीनच खुणा होत्या. आता येतं. विचार.

मंजुषाबाईंनी विचारलं. भुवया उचलायच्या असतात त्याही उचलल्या. उत्तर आलं. लग्न, हो. नोकरी सोडणार नाही. दौलताबादला सुट्टीच्या दिवशी जाऊ.

सोमनाथ आले तेव्हा त्यांच्या हातातलं हेल्मेट खाली ठेवायच्या आत मंजुषाबाईंनी सगळं सांगून टाकलं.

"शब्द दिलाय आपण," ते म्हणाले.

"आपण नाही, मी दिला. आणि तो माझा नव्हताच द्यायला."

"मग आता?"

"रविवारी तिला घेऊन जायचं."

"यादीला? नवरी यादीला?" सोमनाथ खाली बसले. "कुणी ऐकलंय का कुठं? लोक काय म्हणतील?"

"लोक लई बोलतात, अहो. जिनं बोलायचं तिलाच कुणी विचारलं नाही, म्हणून तर हा घोळ झाला."

सोमनाथ रात्री जेवले नाहीत. शुक्रवारी जेवले.

*

रविवारी अकराच्या सुमारास दौलताबादला तात्यासाहेबांच्या अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. एका बाजूला त्यांचे भाऊबंद, दुसऱ्या बाजूला औताड्यांचे. सोमनाथांचे थोरले भाऊ नानासाहेब मधोमध, फेटा बांधून. यादी लिहायला तात्यासाहेबांचा पुतण्या बद्रीनाथ, कारण घरात अक्षर त्याचं चांगलं. बायका आत स्वयंपाकघरात. मंजुषाबाई आत गेल्या नाहीत. श्रेयाला घेऊन त्या सतरंजीच्या कडेला बसल्या.

"विहीणबाई, आत या की," कडूबाई दारातून म्हणाल्या. "हितं माणसांत कशाला?"

"इथंच बरी आहे, विहीणबाई. थोडं काम आहे."

बद्रीनाथने कागदाच्या माथ्यावर 'श्री' काढला. मंजुषाबाई म्हणाल्या, "लिहायच्या आधी एक बोलायचंय." आणि त्यांनी ते बोलून टाकलं. मुलगी नोकरी सोडणार असं मी सांगितलं होतं, ते तिला न विचारता सांगितलं. ती सोडणार नाही.

बद्रीनाथने पेन कागदावरून उचललं.

"तवा तर तुमी म्हनल्या, मी सांगन ते ऐकते," तात्यासाहेब म्हणाले.

"म्हणले. चूक झाली."

"मंग आता इचारलं का तिला? का हे बी तुमचंच?"

"विचारलं. तुमच्यासमोर परत विचारते."

त्या श्रेयाकडे वळल्या. एवढ्या माणसांसमोर एक खूण चुकली, ती पुसून पुन्हा केली. श्रेयाने उत्तर दिलं, मंजुषाबाईंनी ते मोठ्याने सांगितलं. वाळूजला खोली, दोघांची, ती कंपनीत, तो दुकानात.

"टीव्हीवर बहिऱ्यांच्या बातम्या लागल्या का काय," नानासाहेब पुटपुटले. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. तात्यासाहेब हसले नाहीत.

"खोली? खोली कोन घेनार?"

"तुमचा मुलगा."

तात्यासाहेब झटक्यात प्रणयकडे वळले. विचारायला त्यांनी हात उचलला. बागेत जा, गाडी काढ, जेवून घे, एवढं त्या हाताला येत होतं. खोलीचं कसं विचारायचं ते येत नव्हतं. हात तसाच वर राहिला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. कडूबाईंनी पदर सारखा केला आणि जमिनीकडे बघितलं. प्रणय वडिलांच्या हाताकडे बघत होता.

"इचारा त्याला," तात्यासाहेब मंजुषाबाईंना म्हणाले. बघत दुसरीकडेच होते.

त्यांनी विचारलं. प्रणयचे हात सुटले ते थांबेनात. मंजुषाबाईंनी त्याला दोनदा अडवलं, हळू, हळू. मग श्रेयाने तेच त्यांना सावकाश करून दाखवलं.

"तो म्हणतो, बागेत त्याला यायचं नाही. दुकान टाकायचंय. दोन वर्षांपासून सांगतोय."

"कुनाला सांगतोय?"

"तुम्हाला." मंजुषाबाई थांबल्या. "मधली दोन वाक्यं सुटली माझी. एवढंच कळलं."

"म्हंजे माझ्याच घरात माझ्या माघारी?"

"माघारी कशाला, दादा. माझ्या घरी, तुमच्या समोरच बसून ठरलं. आपण सगळे तिथंच होतो."

तात्यासाहेब उठले. गुडघ्यावरची माती झटकली. "आज यादी व्हत नाय," ते म्हणाले आणि बागेकडे निघून गेले. बद्रीनाथने पेनाला टोपण लावलं आणि कागदाचं काय करायचं ते न कळून तो घडी करून खिशात टाकला.

पाहुण्यांना उपाशी पाठवायची रीत नाही, म्हणून पंगत बसली. चुलीपाशी भाकऱ्या करता करता कडूबाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "त्याला 'राग आलाय का' असं कसं इचारत्यात हो?" मंजुषाबाईंनी दाखवलं. कडूबाईंनी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा चुकलं. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या आणि भाकऱ्यांची दुरडी उचलून बाहेर गेल्या.

जेवणं झाली तरी तात्यासाहेब बागेतून परतले नव्हते. निरोप घ्यायला त्यांच्या बाजूने कुणी पुढे होईना. नानासाहेबांनी फेटा सोडला आणि परतीच्या जीपमध्ये पुढची जागा धरली.

"हे मोडलं म्हणायचं का राहिलं?" निम्मी वाट सरल्यावर सोमनाथांनी विचारलं.

"माहीत नाही," मंजुषाबाई म्हणाल्या. "पुढची तारीख त्यांनी दिलेली नाही."

मागच्या सीटवर श्रेया फोनवर होती. खिडकीच्या बाजूला वळून, एका हाताने, भराभर. आईला तो हात अर्धाच दिसत होता. त्यांनी मान लांब करून पाहिलं, मग सरळ बसल्या, मग पुन्हा पाहिलं. श्रेयाने वर बघितलं आणि आईसाठी दोन खुणा केल्या. तो म्हणतो, थांब. किती दिवस, ते तिने सांगितलं नाही, किंवा त्यालाच ठाऊक नसावं.

श्रेयाने राजीनामा दिलेला नाही. उद्या सोमवार, तिची पहिली पाळी. कंपनीची बस पुंडलिकनगरच्या चौकात सहा वाजून पाच मिनिटांनी येते, पाळी सातला सुरू होते आणि या आठवड्याच्या तक्त्यात चौथ्या तपासणी टेबलासमोर तिचं नाव आहे.